१२ व्होल्टच्या मोटरसाठी एच-ब्रिज: चार मॉसफेट, दोन आयआर२१०४ आणि २० किलोहर्ट्झचं पीडब्ल्यूएम

अर्डुइनोच्या (छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या) पिनवर पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग ठरवण्यासाठी झटपट चालू-बंद होणारा सिग्नल, आणणं दहा मिनिटांचं काम आहे. त्याच पीडब्ल्यूएमवर आठ-दहा अँपिअर खाणारी मोटर दोन्ही दिशांना फिरवायची आणि मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शाबूत ठेवायचे, हे काम वेगळं आहे. नवखी मंडळी प्रोग्रामवर डोकं खपवतात आणि ब्रिज (मोटर दोन्ही दिशांना फिरवणारं चार मॉसफेटचं सर्किट) बिघडतो गेटपाशी, म्हणजे मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या पायापाशी. मॉसफेट पूर्ण चालू असला की जवळजवळ थंड राहतो, पूर्ण बंद असला तरी थंड राहतो. या दोन्हींच्या मध्ये रेंगाळला की बघता बघता जातो. प्रत्येक गेटला पुरेसं व्होल्टेज, वेळेवर आणि झटक्यात मिळावं यासाठीच पुढची सगळी खटपट आहे.

उदाहरण म्हणून वायपर मोटरच्या जातीची १२ व्होल्टची ब्रशवाली गिअर मोटर आणि अर्डुइनो उनो घेतलं आहे. मोटर चालताना ३ ते ८ अँपिअर घेते असं धरू.

आधी मोटर मोजा

मोटरच्या लेबलवर असतो तो चालू स्थितीतला करंट. ब्रिजला झेलावा लागतो तो अडकलेल्या मोटरचा करंट, आणि तो ठरतो वायंडिंगच्या रोधावरून. साधा मल्टिमीटर एका ओहमच्या खाली भरवशाचा नसतो, कारण प्रोबच्या वायरचाच रोध ०.२-०.३ ओहम भरतो. म्हणून असं करा: मोटरचा शाफ्ट पकडीत घट्ट धरा, मोटरच्या सिरीजमध्ये गाडीच्या ब्रेकलाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावा आणि १२ व्होल्ट द्या. सर्किटमधला करंट मोजा, मोटरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज मोजा, भागाकार करा. १.६ अँपिअरला ०.९६ व्होल्ट आले तर रोध ०.६ ओहम. शाफ्ट थोडा थोडा फिरवून तीन-चार जागी मोजा, कारण ब्रश कम्युटेटरच्या कुठल्या पट्टीवर आहे त्यावर आकडा बदलतो. सगळ्यात कमी आलेला आकडा धरा.

०.६ ओहम म्हणजे अडकलेली मोटर १२ व्होल्टला २० अँपिअर घेणार. याहून वाईट प्रसंगही आहे. पूर्ण वेगात फिरणारी मोटर स्वतः ११ व्होल्टच्या आसपास विरोधी व्होल्टेज तयार करत असते. त्याच क्षणी दिशा उलटी केली तर ही दोन्ही व्होल्टेज एकमेकांत मिळतात आणि २३ भागिले ०.६, म्हणजे ३८ अँपिअरचा झटका बसतो. मॉसफेट निवडताना आणि प्रोग्राम लिहिताना हा आकडा समोर ठेवा.

एल२९८ का नको

एल२९८एनचं लाल मॉड्यूल स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं, पण आत बायपोलर ट्रान्झिस्टर आहेत. एका अँपिअरलाच दोन्ही बाजू मिळून साधारण १.८ व्होल्ट त्यातच जातात आणि एका चॅनेलची मर्यादा २ अँपिअर आहे. खेळण्यातल्या मोटरला ते चालेल, या मोटरला नाही. स्वतः बांधायचंच नसेल तर बीटीएस७९६० चं तयार मॉड्यूल घ्या. त्यात संरक्षण आतच असतं आणि तो आयसी २५ किलोहर्ट्झपर्यंत चालतो. पण ब्रिज शिकायचा असेल तर सुटे मॉसफेट लावूनच बांधावा.

चार मॉसफेट आणि वरच्या दोघांची अडचण

ब्रिजमध्ये दोन उभ्या जोड्या असतात. प्रत्येक जोडीत वरचा मॉसफेट १२ व्होल्टला आणि खालचा ग्राउंडला जोडलेला. दोघांच्या मधल्या बिंदूवर मोटरचं एक टोक. डाव्या जोडीतला वरचा आणि उजव्या जोडीतला खालचा चालू केला की मोटर एका दिशेला फिरते, उलट केलं की दुसऱ्या दिशेला. एकाच जोडीतले दोन्ही एकदम चालू झाले तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला मिळतात. याला शूट-थ्रू म्हणतात. तो टाळण्यासाठी एक बंद होणं आणि दुसरा चालू होणं यांत थोडा वेळ मोकळा सोडावा लागतो, तो डेड टाइम.

चारही मॉसफेट एन-चॅनेल घेऊ: आयआरएफझेड४४एन. ५५ व्होल्ट, गेटला १० व्होल्ट असताना रोध १७.५ मिलीओहम, गेट चार्ज (गेट भरायला लागणारा चार्ज) जास्तीत जास्त ६३ नॅनोकूलोम्ब. हा थेट अर्डुइनोच्या पाच व्होल्टवर चालवू नका. त्याचं थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट आहे, पण थ्रेशोल्ड म्हणजे मॉसफेट जेमतेम चालू व्हायला लागतो तो बिंदू. पाच व्होल्टला मॉसफेट अर्धवट चालू होतो, बिनलोडची मोटर छान फिरवतो आणि लोड पडला की तापतो.

वरच्या मॉसफेटची अडचण वेगळी आहे. तो चालू झाला की त्याचा सोर्स (करंट बाहेर पडतो तो पाय; आत येतो तो ड्रेन) १२ व्होल्टवर जातो, म्हणजे गेटला ग्राउंडपासून २२-२३ व्होल्ट हवेत. हे व्होल्टेज सर्किटमध्ये कुठेच नाही. ते बूटस्ट्रॅप कॅपॅसिटरमधून आणायचं. खालचा मॉसफेट चालू असताना मधला बिंदू ग्राउंडला असतो, तेव्हा डायोडमधून हा कॅपॅसिटर ११ व्होल्टपर्यंत भरतो. वरचा चालू व्हायची वेळ आली की मधल्या बिंदूबरोबर कॅपॅसिटरही वर उचलला जातो आणि त्यातलाच साठा गेटला मिळतो.

यातून एक नियम निघतो, तो लक्षात नसल्यामुळे अनेक ब्रिज जळतात: खालचा मॉसफेट अधूनमधून चालू झालाच पाहिजे, म्हणून या सर्किटला १०० टक्के ड्यूटी (प्रत्येक फेरीतला चालू राहण्याचा वाटा) देता येत नाही. वरचा मॉसफेट कायम चालू ठेवला तर कॅपॅसिटर हळूहळू रिकामा होतो, गेटचं व्होल्टेज उतरतं आणि मॉसफेट मधल्या अवस्थेत जाऊन तापतो. मर्यादा ९५ टक्के ठेवा.

ड्रायव्हर, म्हणजे गेट चालवणारा आयसी, म्हणून आयआर२१०४ घेतला आहे. आठ पायांचा, एका जोडीला एक. डेड टाइम त्याच्या आतच आहे, साधारण ५२० नॅनोसेकंद. प्रोग्राममध्ये चूक झाली तरी एका जोडीतले दोन्ही मॉसफेट तो एकदम चालू करणार नाही. आयआर२११० दोन अँपिअरचा आहे, जास्त ताकदीचा, पण त्यात डेड टाइम नाही. तो तुम्हाला टायमरमध्ये बसवावा लागतो. पहिल्या ब्रिजला आयआर२१०४ बरा.

सामान

- आयआरएफझेड४४एन चार, आयआर२१०४ दोन (डीआयपी, सॉकेटसह)
- १एन५८१९ शॉटकी डायोड तीन: दोन बूटस्ट्रॅपला, एक ड्रायव्हरच्या सप्लायला
- बूटस्ट्रॅपसाठी १ मायक्रोफॅरड २५ किंवा ५० व्होल्ट सिरॅमिक दोन
- १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्ट लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) तीन, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट एक, १ मायक्रोफॅरड सिरॅमिक आणखी चार
- रेझिस्टर: १० ओहम चार, ४७ ओहम एक, १० किलोओहम पाच, १०० किलोओहम दोन
- १५ व्होल्ट १ वॅट झेनर एक, पी६केई१८ए टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके झेलणारा) एक
- करंट मोजणारं एसीएस७१२ चं २० अँपिअरचं मॉड्यूल, १० अँपिअरचा गाडीचा ब्लेड फ्यूज होल्डरसह
- हीट सिंक, सिलिकॉन पॅड आणि टीओ-२२० चे इन्सुलेटिंग बुश

बूटस्ट्रॅपला १एन४००७ लावू नका. तो डायोड बंद व्हायला फार वेळ घेतो, आणि तेवढ्यात भरलेला कॅपॅसिटर उलटा रिकामा होतो. १एन५८१९ नसेल तर यूएफ४००७ चालेल.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला हे सगळं मिळतं. आयआरएफझेड४४एन मात्र सोल्डर करण्याआधी तपासा, कारण नकली माल भरपूर फिरतो. ९ व्होल्टची नवी बॅटरी गेट आणि सोर्समध्ये लावा, वरचाच २१ वॅटचा बल्ब ड्रेनकडून सिरीजमध्ये घेऊन करंट जाऊ द्या, आणि ड्रेन-सोर्सच्या पायांवर थेट प्रोब टेकवून मिलीव्होल्ट मोजा. पावणेदोन अँपिअरला ३०-३५ मिलीव्होल्ट यायला हवेत. ८०-१०० आले तर आत लहान चिप आहे. तो ठेवून द्या, दुसरा आणा.

जोडणी

आयआर२१०४ चे पाय असे: १ सप्लाय, २ इनपुट, ३ शटडाउन, ४ ग्राउंड, ५ खालच्या मॉसफेटचं गेट, ६ मधला बिंदू, ७ वरच्या मॉसफेटचं गेट, ८ बूटस्ट्रॅप. इनपुट एक झालं की वरचा मॉसफेट चालू, शून्य झालं की खालचा चालू. शटडाउन शून्य असेल तर दोन्ही बंद.

पाय ५ आणि ७ पासून १० ओहममधून गेटला जा. १० च्या जागी १०० ओहम लावला तर मॉसफेट बंद व्हायलाच अर्ध्या मायक्रोसेकंदाहून जास्त वेळ घेतो आणि ड्रायव्हरचा सगळा डेड टाइम खाऊन टाकतो. मग डेड टाइम असूनही शूट-थ्रू होतो.

गेट आणि सोर्समध्ये रेझिस्टर द्यायचा, म्हणजे ड्रायव्हर बंद असताना गेट लोंबकळत राहणार नाही. खालच्या दोघांना १० किलोओहम, वरच्या दोघांना १०० किलोओहम. हा फरक मुद्दाम आहे. वरचा रेझिस्टर बूटस्ट्रॅप कॅपॅसिटरमधून सतत करंट ओढतो. १० किलोओहमला सव्वा मिलिअँपिअर गेला तर अर्डुइनोच्या मूळ ४९० हर्ट्झला, दोन मिलीसेकंदांच्या एका फेरीत, १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर दोन व्होल्टहून जास्त उतरू शकतो. २० किलोहर्ट्झला ते जाणवत नाही, म्हणून हा दोष लपून राहतो आणि कुणी वारंवारता कमी केली की वर येतो.

पाय ८ आणि ६ यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरड सिरॅमिक, आयसीला चिकटून. पाय १ कडून पाय ८ कडे १एन५८१९, पट्टी पाय ८ कडे. पाय १ आणि ४ मध्ये आणखी एक १ मायक्रोफॅरड.

ड्रायव्हरचा सप्लाय मोटरच्या १२ व्होल्टवरूनच घ्या, पण सरळ नको: १एन५८१९, मग ४७ ओहम, मग १०० मायक्रोफॅरड आणि १५ व्होल्टचा झेनर. मोटर सुरू होताना सप्लाय क्षणभर दबतो, तेव्हा डायोडमागचा कॅपॅसिटर ड्रायव्हरला तारून नेतो. आयआर२१०४ साधारण ८.२ व्होल्टखाली आपण होऊन बंद होतो. तसं झालं की मोटर अडखळत, टकटक करत चालते आणि लोकांना प्रोग्रामचा संशय येतो.

अर्डुइनोची ९ नंबरची पिन डाव्या ड्रायव्हरच्या इनपुटला, १० नंबरची उजव्याला, ८ नंबरची दोघांच्या शटडाउनला. या तिन्ही रेषांवर १० किलोओहम ग्राउंडला द्या. शटडाउनवरचा तर अजिबात विसरू नका: रीसेट झाल्यावर बूटलोडर (तुमच्या प्रोग्रामआधी चालणारा छोटा प्रोग्राम) चालू असेपर्यंत अर्डुइनोच्या पिना मोकळ्या असतात, तेवढा वेळ ब्रिज बंद ठेवणारा तो एकच रेझिस्टर आहे. ३.३ व्होल्टचा ईएसपी३२ वापरणार असाल तर ध्यानात घ्या की आयआर२१०४ इनपुटला किमान ३ व्होल्ट आले तरच एक समजतो. लांब वायर आणि खराब ग्राउंड असेल तर तेवढं उरत नाही.

अर्डुइनोला वेगळा पाच व्होल्ट द्या, पण ग्राउंड एकच हवा. ग्राउंडची वायर ड्रायव्हरच्या पाय ४ पासून घ्या, मोटरच्या जाड ग्राउंडच्या भलत्याच टोकापासून नाही. आठ अँपिअर वाहणाऱ्या वायरवर व्होल्टेज पडतं, आणि ते इनपुटच्या सिग्नलमध्ये मिसळतं.

बोर्डवर मांडणी

ब्रेडबोर्ड इथे चालणार नाही. त्याच्या क्लिपा अँपिअरभर करंटला ठीक, आणि लांब जंपरमधून गेटचा सिग्नल झुलत पोचतो. झिरो पीसीबी (भोकांचा, सोल्डर करायचा बोर्ड) घ्या. मोटरच्या वाटा दीड चौरस मिलीमीटरच्या वायरनं जोडा. सोल्डरचा थर चढवून भागवू नका, सोल्डरचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो. पीसीबी बनवून घेत असाल तर ३५ मायक्रॉन तांब्यावर आठ अँपिअरला पट्टीची रुंदी किमान ४ मिलीमीटर, जागा असेल तर ६.

ड्रायव्हर मॉसफेटच्या शेजारी, गेटची वायर तीन-चार सेंटिमीटरच्या आत. दोन्ही जोड्यांच्या अगदी जवळ, १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यात १ मायक्रोफॅरड सिरॅमिक आणि टीव्हीएस. तिन्ही १००० मायक्रोफॅरड शेजारीच समांतर. एक कॅपॅसिटर का पुरत नाही? ५० टक्के ड्यूटीला मोटर ८ अँपिअर घेत असेल तर कॅपॅसिटरमधून ४ अँपिअरच्या आसपास रिपल करंट वाहतो. साधा १००० मायक्रोफॅरड त्याच्या निम्म्यालाही तयार नसतो. तो गरम होतो, फुगतो.

हीट सिंक लागेलच. आठ अँपिअरला चालू मॉसफेटमध्ये १.१ वॅट जातात, तापल्यावर रोध वाढून दीड-पावणेदोन. उघडा टीओ-२२० दर वॅटला साठेक अंश वर चढतो. टीओ-२२० ची धातूची पाठ म्हणजे ड्रेन. वरच्या दोन मॉसफेटचे ड्रेन १२ व्होल्टलाच आहेत, ते एका हीट सिंकवर तसेच बसतील. खालच्या दोघांचे ड्रेन मोटरच्या दोन वेगळ्या टोकांना आहेत. त्यांना सिलिकॉन पॅड आणि स्क्रूला बुश हवंच. बसवल्यावर पाठ आणि हीट सिंक यांच्यात कंटिन्युइटीचा बीप येत नाही ना, तपासा.

टायमर

अर्डुइनोचं ४९० हर्ट्झ या मोटरला फार कमी. मोटरचं इंडक्टन्स अर्धा मिलीहेन्री धरलं तर ४९० हर्ट्झला करंट एका फेरीतच कित्येक अँपिअर खालीवर होतो. मोटर गुणगुणते, तापते, जोर मिळत नाही. २० किलोहर्ट्झला तोच चढउतार ०.३ अँपिअरवर येतो आणि आवाज कानाच्या पलीकडे जातो. त्याहून वर गेल्यास मोटरला फायदा नाही, मॉसफेटला उगाच जास्त स्विचिंग.

टायमर-१ (पिन ९ आणि १० चं पीडब्ल्यूएम चालवणारा आतला टायमर) फेज-करेक्ट मोडमध्ये ठेवा, मोड १०. त्याच्या रजिस्टरमधले बिट असे: डब्ल्यूजीएम१३ आणि डब्ल्यूजीएम११ एक, डब्ल्यूजीएम१२ आणि डब्ल्यूजीएम१० शून्य. प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारा) नको, म्हणजे फक्त सीएस१० एक. सीओएम१ए१ आणि सीओएम१बी१ एक. आयसीआर१ मध्ये ४००. १६ मेगाहर्ट्झ भागिले दोन गुणिले ४००, म्हणजे बरोबर २० किलोहर्ट्झ. ड्यूटी ओसीआर१ए (पिन ९) आणि ओसीआर१बी (पिन १०) मध्ये ० ते ३८० लिहायची. फेज-करेक्ट घेण्याचं एक कारण असं की यात शून्य लिहिलं की पिन खरोखर शून्य राहते. फास्ट मोडमध्ये शून्यालाही सुईसारखा बारीक पल्स निघतो.

यानंतर अ‍ॅनालॉगराइट या पिनांवर वापरू नका. २५५ लिहिलं की ते फंक्शन पीडब्ल्यूएम काढून पिन सरळ एक करतं, म्हणजे १०० टक्के, म्हणजे बूटस्ट्रॅप रिकामा. सर्व्हो लायब्ररीही उनोवर टायमर-१ च घेते, ती याच्याबरोबर नको.

सरळ दिशेला ओसीआर१बी शून्य ठेवून ओसीआर१ए वाढवा, उलट दिशेला त्याच्या उलट. ज्या बाजूला शून्य आहे तिचा खालचा मॉसफेट सतत चालू, त्यामुळे तिचा बूटस्ट्रॅपही भरलेला. दोन्ही शून्य म्हणजे खालचे दोन्ही चालू, मोटरला ब्रेक. शटडाउन शून्य म्हणजे मोटर मोकळी. सुरुवात करताना आधी दोन्ही ओसीआर शून्य, मग शटडाउन एक, मग पाच-दहा मिलीसेकंद थांबा. तेवढ्यात बूटस्ट्रॅप भरतो.

ड्यूटीचे पहिले चार आकडे काहीच करत नाहीत, घाबरू नका. ड्रायव्हर चालू व्हायला ६८० नॅनोसेकंद घेतो आणि बंद व्हायला १५०, म्हणून वरच्या मॉसफेटचा प्रत्येक पल्स अर्ध्या मायक्रोसेकंदानं आखूड होतो.

पहिल्यांदा वीज देताना

१. वीज न देता, आयसी सॉकेटबाहेर ठेवून, मल्टिमीटर डायोड मोडवर लावा. चारही मॉसफेटचा सोर्स ते ड्रेन ०.४ ते ०.६ व्होल्ट दिसला पाहिजे. शून्य दिसलं तर मॉसफेट शॉर्ट किंवा सोल्डरचा पूल.

२. ड्रायव्हर बसवा. मोटरची लाइन सोडवून ठेवा, फक्त ड्रायव्हरला १२ व्होल्ट द्या. इनपुट शून्य, शटडाउन एक: पाय ५ वर ११ व्होल्ट, पाय ८ आणि ६ मध्ये साडेदहा-अकरा. पाय ८ वर काहीच नसेल तर डायोड उलटा आहे.

३. आता मोटरची लाइन २१ वॅटच्या बल्बमधून द्या, मोटर अजून जोडू नका. ५० टक्के पीडब्ल्यूएम सुरू करा. बल्ब काळा राहिला पाहिजे आणि करंट फार तर २० मिलिअँपिअर. बल्ब मंद जरी पेटला तरी शूट-थ्रू होतो आहे. गेटचे रेझिस्टर आणि जोडणी पुन्हा बघा. बल्बच्या जागी थेट बॅटरी असती तर याच क्षणी मॉसफेट गेले असते, म्हणून ही पायरी कधीही वगळू नका.

४. मोटरच्या जागी दुसरा बल्ब लावा, ड्यूटी ० ते ३८० हळूहळू वाढवा. उजेड सलग वाढला पाहिजे, दोन्ही दिशांना सारखा.

५. सिरीजचा बल्ब काढा, ५ अँपिअरचा फ्यूज घाला, बिनलोडची मोटर जोडा. पाच मिनिटं चालवून बंद करा आणि मग मॉसफेटला बोट लावून बघा. सगळं ठीक असेल तर १० अँपिअरचा फ्यूज आणि खरा लोड.

ऑसिलोस्कोप असेल तर त्याची ग्राउंडची क्लिप मधल्या बिंदूला अडकवू नका. स्कोपचा ग्राउंड अर्थिंगला असतो, अर्डुइनो यूएसबीतून लॅपटॉपला, आणि त्या वाटेनं मोटरचं टोक शॉर्ट होतं. वरचं गेट बघायचं तर दोन चॅनेल वापरून वजाबाकी करा.

दिशा, ब्रेक आणि करंटची मर्यादा

ड्यूटी एकदम उडी मारून बदलू नका. दर १० मिलीसेकंदाला चार आकडे वाढवले तर शून्यापासून ३८० ला साधारण एक सेकंद लागतो. मोटरला ते मानवतं. दिशा बदलताना याच वेगानं शून्यावर या, ३०० मिलीसेकंद थांबा, मग दुसरी बाजू चढवा. ब्रेकलाही हेच लागू. फिरत्या मोटरला एकदम ब्रेक लावला की ११ भागिले ०.६, म्हणजे १८ अँपिअर खालच्या दोन मॉसफेटमधून फिरतात.

ड्यूटी पटकन खाली आणली की मोटर जनरेटर होते आणि ऊर्जा सप्लायकडे परत येते. बॅटरी ती पिऊन घेते. एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) घेत नाही. १२ व्होल्टची लाइन १८-२० वर उडी मारते, कधी एसएमपीएस स्वतःला बंद करतो. टीव्हीएस छोटे झटके खातो, पण जड फ्लायव्हील असलेल्या यंत्राला तो पुरणार नाही. तिथे बॅटरी वापरा किंवा उतार आणखी हळू ठेवा. बॅटरी असेल तर फ्यूज तिच्या टर्मिनललगत हवा. यूपीएसची छोटी बॅटरीसुद्धा शॉर्टमध्ये वायर लाल करते.

एसीएस७१२ मोटरच्या वायरमध्ये लावा, सप्लायच्या वायरमध्ये नाही. अडकलेली मोटर ५० टक्के ड्यूटीला स्वतः १० अँपिअर घेते तेव्हा सप्लायमधून पाचच जातात. सप्लायकडे बघणाऱ्याला सगळं आलबेल वाटतं आणि वायंडिंग तापत राहतं. २० अँपिअरचं मॉड्यूल दर अँपिअरला १०० मिलीव्होल्ट देतं, शून्याला २.५ व्होल्ट. अर्डुइनोत शून्य म्हणजे ५१२, आणि १२ अँपिअर म्हणजे दोन्हीकडे २४६ आकड्यांचा फरक. सलग तीन वाचनांत तेवढा फरक दिसला की शटडाउन शून्य करा. तीन वाचनांना अर्ध्या मिलीसेकंदाहून कमी वेळ लागतो.

प्रोग्राम लटकला तरी टायमर पीडब्ल्यूएम देतच राहतो, हे विसरू नका. वॉचडॉग (प्रोग्राम लटकला की चिप रीसेट करणारा टायमर) २५० मिलीसेकंदांवर लावा: रीसेट झाला की पिना मोकळ्या होतात आणि शटडाउनचा १० किलोओहम ब्रिज बंद करतो. जुन्या बूटलोडरच्या अर्डुइनो नॅनोवर वॉचडॉग रीसेटमध्येच अडकून बसतो, तिथे आधी बूटलोडर बदला.

बिघाड ओळखताना

फक्त वरचे मॉसफेट तापत असतील तर आधी बूटस्ट्रॅप बघा: ड्यूटी ९५ टक्क्यांच्या वर गेली आहे, कॅपॅसिटर लहान आहे, डायोड मंद आहे. चारही सारखेच तापतात आणि मोटर न जोडता सप्लायचा करंट शेकडो मिलिअँपिअर आहे, तर शूट-थ्रू. एकाच दिशेला मोटर अशक्त, तर त्या दिशेच्या वरच्या मॉसफेटचं गेट. मोटर सुरू होताच अर्डुइनो रीसेट होतो, तर ग्राउंडची वाट चुकली आहे किंवा दोघांना एकच सप्लाय आहे. ब्रशची ठिणगी त्रास देत असेल तर मोटरच्या टर्मिनलवर १० नॅनोफॅरड सिरॅमिक लावा; इलेक्ट्रोलायटिक तिथे कधीही नको, प्रत्येक पल्सला तो शॉर्टसारखा दिसतो.

मॉसफेट गेला की बहुतेक वेळा तिन्ही पाय आत एकमेकांना चिकटतात आणि मोटरचं व्होल्टेज गेटमधून ड्रायव्हरमध्ये शिरतं. म्हणून एकटा मॉसफेट बदलून वीज देऊ नका. त्या जोडीतले दोन्ही मॉसफेट, आयआर२१०४ आणि गेटचे दोन्ही १० ओहम एकत्र बदला, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून, सिरीजच्या बल्बसह, तपासत या.